थासाईचं गाऱ्हाणं

बाबाजी घाड्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या नावाने बोंब नको. पण थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या थासाई नावाच्या गावाचा क्लब बर्फाच्या कारखान्यातून उठून आशियाच्या फायनलपर्यंत कसा पोचला, हे त्याच्याइतकं रंगवून सांगणारा माणूस तुम्हाला अख्ख्या दुबईत सापडायचा नाही. ऐकणारा उठायला लागला तर त्याचा हात धरून खाली बसवतो, वर रुपालीवहिनींना चहा टाकायला सांगतो. मी स्वतः असा दोनदा बसलोय.

बाबाजीची लॉन्ड्री अल क्वोजमध्ये, गोदामांच्या रांगेत, टायरवाल्याच्या आणि सुतारकामवाल्याच्या मध्ये. माणूस मूळचा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. आडनावच घाडी, म्हणजे गावच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. घाडी पुढे उभा राहतो आणि खड्या आवाजात देवाला सगळं सांगतो, कोणाचं काय अडलंय, कोणाचं काय चुकलंय, कोणाला काय हवंय, आणि दर वाक्याला मागची मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. आता मान घराकडे असला तरी तो थोरल्याचा. बाबाजी पडला धाकटा. आवाज दादापेक्षा दुप्पट, पण त्याच्या वाट्याला मागच्या रांगेतून "व्हय म्हाराजा" ओरडणं आलं, आणि पुढे यथावकाश दुबई आली.

सुरुवातीला तो जबल अलीच्या एका लेबर कॅम्पात कामगारांचे कपडे धुवायला होता. तेल, ग्रीस, रंग, सिमेंट, असा एक डाग नाही जो त्याच्या हाताखालून गेला नाही. तिथे त्याला एक खोड लागली ती कायमची. डाग दिसला की बाबाजीच्या नाकाला मिरच्या झोंबतात. कोणी आईवरून शिवी दिली तर एक वेळ हसेल, पण कॉलरवरचा डाग म्हणजे त्याचा वैयक्तिक अपमान. याच खोडीवर त्याचं नाव झालं. जुमेरा लेक टॉवर्समधले सूटबूटवाले साहेब लोक आपले शर्ट मुद्दाम अल क्वोजला पाठवतात ते काय उगाच नाही. कॅम्प सुटला, भाड्याचं दुकान झालं, मग स्वतःचं झालं. काउंटरवर रुपालीवहिनी, प्रेसवर मलबारचा इद्रीस, आणि डागांवर स्वतः बाबाजी.

थासाईची आणि त्याची गाठ पडली ती भाड्याच्या दुकानाच्या दिवसांत. थंडीचे दिवस होते. टॅक्सीतून एक टकलू, गोलमटोल थाई माणूस उतरला आणि त्याच्यामागून कपड्यांच्या सहा गोण्या. प्रसित त्याचं नाव, क्लबचा कपडेपट सांभाळणारा. क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, सरावाच्या शिबिरासाठी आलेला, आणि हॉटेलच्या लॉन्ड्रीचे भाव ऐकून प्रसितचे डोळे पांढरे झालेले. बाबाजीचं इंग्रजी अर्धं, प्रसितचं अर्धं, आणि दोन्ही मिळूनही एका माणसाचं इंग्रजी होत नव्हतं. तरी जमलं. पहिल्याच दिवशी इद्रीसने प्रेस जरा जास्त तापवली आणि एका जर्सीच्या छातीवरचा जाहिरातीचा स्टिकर सोलून निघाला. त्याखाली दुसरी जाहिरात. बाबाजीने घाबरत घाबरत तीही उचकटून पाहिली, तर तळाशी निळी बर्फाची लादी आणि थाई अक्षरं.

"खलास," बाबाजी म्हणाला. "आता हा माणूस आपल्या नावाने पोलिसात जाणार."

प्रसितने जर्सी हातात घेतली, ती बर्फाची लादी पाहिली, आणि हसत सुटला. हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं त्याने. मग तिथेच गोणीवर बसून त्याने सगळी कथा सांगितली, आणि तेव्हापासून बाबाजीला थासाईचं वेड लागलं.

कथा अशी. थासाई हे नदीच्या मुखावरचं मासेमारीचं गाव. तिथे एक बर्फाचा कारखाना. पहाटे बोटींना बर्फ पोचवायचा, लाद्या खांद्यावरून वाहायच्या, आणि दुपारनंतर हे हमाल मोकळे. खेळायला जागा नाही. गावच्या बौद्ध मठाला मोठं अंगण होतं. मठाच्या प्रमुख भिक्खूंना सगळे लुआंग फो म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे महाराज म्हणतात तसं. त्यांच्याकडे पोरं भीत भीत गेली. लुआंग फो म्हणाले, खेळा की, पण एक अट. आधी अंगण झाडायचं, मग चेंडूला पाय लावायचा. झालं! बांबूचे गोलपोस्ट, त्यांना फाटकी मासेमारीची जाळी, आणि खेळाआधी अकरा जण हातात खराटे घेऊन अंगण झाडतायत. खराटेसुद्धा माडाच्या हिरांचे, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे. हे ऐकून बाबाजीला प्रसित सख्ख्या मावसभावासारखा वाटायला लागला.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी हौसेने टीमला कपडे करून दिले, छातीवर बर्फाची लादी. टोपणनाव पडलं खेकडे, कारण नदीच्या चिखलात दुसरं पिकतं काय? पुढे देशात फुटबॉलची नवी लीग उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यात क्लब निघाले, तेव्हा थासाईनेही नाव नोंदवलं. बाहेरगावच्या सामन्यांना ही मंडळी बर्फाच्या ट्रकमधून जायची. मागे भुशाच्या पोत्यांवर बसून, उतरताना निम्मे कुडकुडत. मुक्काम कुठल्यातरी मठाच्या ओसरीवर. स्वतःचं मैदान झालं तर स्टँडमध्ये खुर्च्या नाहीत, मग गावकरी घरून प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन यायचे आणि गोल झाला की त्याच खुर्च्या हवेत नाचवायचे. तळाच्या डिव्हिजनमधून वर आले. आणि कुठेही गेले, अगदी राजधानीतल्या झगमगीत स्टेडियममध्ये, तरी सामन्याआधी ड्रेसिंग रूम स्वतः झाडायचेच. दुसऱ्या टीमवाले हसायचे. हे झाडायचे.

आपल्याकडे खेकडा म्हटलं की लोक टोपलीची जुनी गोष्ट काढतात, एक वर चढतो आणि बाकीचे त्याचा पाय ओढतात. बाबाजी म्हणतो, थासाईच्या खेकड्यांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

त्यानंतर क्लब दर दोन-तीन वर्षांनी दुबईला शिबिराला यायचा, आणि हॉटेल कितीही भारी असलं तरी कपडे बाबाजीकडेच. बाबाजीला त्यांची चढती कमान कपड्यांवरूनच कळायची. कापड बदललं, शिलाई बदलली, स्टिकर जाऊन भरतकाम आलं, की तो समजायचा, वर सरकले. एक वर्ष मात्र वाईट गेलं. पुरात मैदान वाहून गेलं, चांगले खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलले, थासाई पुन्हा खाली घसरला. त्या वर्षी बर्फ वाहणारी पोरंच पुन्हा जर्सी घालून उतरली. त्यांतलाच एक अनन, एका हमालाचा मुलगा, दोन वर्षांत कप्तान झाला आणि त्याने टीम परत वर नेली. मग पहिल्या डिव्हिजनमध्ये. मग देशाचा कप. मग आशियातल्या क्लबांची स्पर्धा. एकेक देश पार करत हे खेकडे आडवेतिडवे सरकत थेट फायनलला, आणि फायनल कुठे? तर दुबईत! समोर इथलाच श्रीमंत क्लब, ज्यांच्या बसच्या सीटसुद्धा म्हणे पाठ चेपून देतात.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी प्रसित दुकानात आला. नेहमीसारखा आरडाओरडा नाही, हसू नाही. डोळे सुजलेले.

"लुआंग फो गॉन," तो म्हणाला. "थ्री वीक."

शंभरीला टेकलेले लुआंग फो गेले होते. बाबाजीने त्याला बसवलं, पाणी दिलं. प्रसित फार बोलला नाही. एक स्वच्छ पिशवी काउंटरवर ठेवली, फायनलच्या जर्सींची. "ओन्ली प्रेस, पी बाबाजी. नो वॉश," एवढंच म्हणाला, पी म्हणजे त्यांच्याकडचं दादा, आणि टीमच्या सरावाला निघून गेला.

आता इथे शहाणा माणूस काय करतो? प्रेस करतो. बाबाजीने पिशवी उघडली, पहिली जर्सी उलटी केली, आणि कॉलरच्या आत बघतो तर तीन पांढरे डाग! वाळलेले, बोटाएवढे. दुसरी पाहिली, तिच्यातही. सगळ्या जर्सींमध्ये. त्याला वाटलं, पोरांनी उन्हाचं क्रीम फासलंय.

"चाचा, वो बोला नो वॉश," इद्रीस म्हणाला.

"अरे तो दुःखात आहे! त्याला कुठे सुचतंय? उद्या सगळा आशिया टीव्हीवर बघणार. माझ्या दुकानातून डागासकट कपडा जायचा?"

आणि बाबाजीने बाह्या सरसावल्या. मशीनला हात लावू दिला नाही. एकेक कॉलर हाताने, कोमट पाण्यात, पोटच्या पोराचं डोकं धुवावं तशी धुतली. सुकवल्या, वाफ दिली, घड्या घातल्या. दिवेलागणीला प्रसित आला तेव्हा बाबाजी लग्नातल्या वरबापासारखा दारात उभा. स्वतःहून एक कॉलर उलटून दाखवली. "सी, प्रसितभाऊ! व्हाइट व्हाइट डाग, ऑल गॉन! फर्स्ट क्लास!"

प्रसितने कॉलर पाहिली. दुसरी पाहिली. मग तो कपड्यांच्या ढिगावर मटकन बसला.

तुटक्या इंग्रजीत, हाताने दाखवत, त्याने सांगितलं तेव्हा बाबाजीच्या पायाखालची जमीन सरकली. ते क्रीम नव्हतं. मंतरलेली पांढरी माती होती. अंथरुणाला खिळलेल्या लुआंग फोंनी दोन माणसांच्या आधाराने उठून, एकेका जर्सीच्या आत अंगठ्याने तीन ठिपके दिले होते. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. आठवड्याभरात ते गेले. टीमने जर्सी धुतल्या नव्हत्या, घातल्याही नव्हत्या, फायनलसाठी जपून आणल्या होत्या. तिकडे थोर भिक्खूंचा देह महिनोन्महिने जपून ठेवतात आणि मग अग्नी देतात. कप जिंकायचा आणि लुआंग फोंच्या चितेपुढे ठेवायचा, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि घाड्याचा पोरगा! ज्याच्या घरी जन्मभर देवाचा अंगारा लोकांच्या कपाळाला लावतात, त्याला दुसऱ्याचा अंगारा ओळखू आला नाही. बाबाजीने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी खरोखर, आवाज येईल अशी. रुपालीवहिनींनी त्याचा हात धरला.

"मेलं ते सरळ सांगितलेलं ऐकायचं कधी शिकणार तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनाही रडू आलं. पर्णिका, त्यांची मुलगी, कॉलेजातून येऊन दारातच थांबली होती. "बाबा, यू वॉश्ड देअर ब्लेसिंग?" तिने विचारलं. बाबाजीने होकारार्थी मान हलवली.

प्रसितने शेवटी डोळे पुसले. "नोबडी टेल," तो म्हणाला. पोरं कॉलरच्या आत बघणार नाहीत, आपण बोलायचं नाही, खेळून होऊ दे. इद्रीसला पटलं, वहिनींना पटलं. प्रसित जर्सी घेऊन गेला. पण बाबाजीने रात्रीचं ताट बाजूला सारलं. उद्या हे हरले तर एक क्लब हरणार नाही, बर्फ वाहणाऱ्यांच्या तीन पिढ्या हरतील, आणि हरवणारा आपण. त्याने गावी दादाला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "दादा, सकाळी देवळात जावन माझ्या वतीन गाऱ्हाणा घाल. तुझा देव आयकता."

दादा म्हणजे जमदग्नी. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चूक कोणाची?"

"माझी."

"मगे गाऱ्हाणा मी कसा घालू? चुकलेल्यान आपल्या तोंडान सांगूचा असता. आणि देवाक येकट्याक सांगान भागणा नाय. ज्येंचा वाईट केलंस त्येंच्यासमोर सांग. झाकलेला गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय, बाबाजी."

"पण मान तुझो आसा दादा. मी कधी..."

"मान मी देतंय. घाल." आणि दादाने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी अंघोळ करून, धुवट पांढरा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन टीमच्या हॉटेलवर हजर. बरोबर इद्रीस, कारण "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणीतरी हवं, आणि रुपालीवहिनी, कारण त्याला एकटं सोडायची त्यांची छाती नव्हती. रिसेप्शनवाल्याने नारळ तीनदा तपासला. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टीम बसलेली, कोच फळ्यावर रेघोट्या मारतोय. प्रसितने दारात बाबाजीला पाहिलं आणि त्याचं तोंडचं पाणी पळालं. तो हातानेच "नको, नको" करत धावत आला.

"प्रसितभाऊ, तू ट्रान्सलेट कर," बाबाजी म्हणाला. "ऑल. नो हाइडिंग."

आता तुम्हीच सांगा, तो गप्प राहिला असता तर काय बिघडत होतं? कोणाला कळणार होतं? मी त्याला पुढे हे विचारलं तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

बाबाजी हॉलच्या मधोमध उभा राहिला. नारळ दोन्ही हातांत धरला. पोरांना वाटलं कसलातरी पाहुणचार आहे, ती हसून बघत होती. आणि मग त्याने तो आवाज काढला, जो त्याने आजवर मागच्या रांगेतून काढला होता.

"बा देवा रवळनाथा! आज हो तुझो लेकरू बाबाजी परमुलखात उभो रवान तुका गाऱ्हाणा घालता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इद्रीस आणि वहिनी.

"ही थासाईची पोरा, बर्फाचे लाद्ये व्हावन मोठी झाली, आज त्येंचो मोठो खेळ आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रसित वाक्यामागून वाक्य थाईत सांगत होता. पोरांना मजा वाटत होती.

"त्येंच्या गुरून मरताना त्येंच्या कपड्यार आपल्या हाताची खूण केल्यान. ती खूण मी धुतलंय म्हाराजा! प्रेस कर म्हणान सांगितलेला, तरी शहाणपणा करून ह्याच हातांनी धुतलंय!"

इथे प्रसितने नकारार्थी मान हलवली. बाबाजी थांबला. "सांग," तो म्हणाला. प्रसितने सांगितलं. हॉलमधलं हसू विझलं. गोलकीपरने समोरच्या पिशवीतली जर्सी ओढली, कॉलर उलटली, आणि तसाच बघत राहिला.

"चूक माझी, पोरांची नाय! काय शिक्षा आसात ती माझ्या पदरात घाल, पण ह्या पोरांच्या पायांत बळ दी म्हाराजा!"

इद्रीसचं "व्हय म्हाराजा" एवढंसं निघालं. बाबाजी मान खाली घालून उभा राहिला. कोच कपाळाला हात लावून बसला होता. सामना आठ-दहा तासांवर, आणि हा इस्त्रीवाला येऊन टीमचं अवसान घालवून बसला!

कप्तान अनन उठला. तो प्रसितला थाईत काहीतरी कडक बोलला. प्रसित बाबाजीला म्हणाला, "ही आस्क, मशीन वॉश ऑर हॅन्ड वॉश?"

"हॅन्ड," बाबाजी म्हणाला. "एकेक. बाय हॅन्ड."

 अनन टीमकडे वळला आणि बोलायला लागला. प्रसित रडत रडत इंग्रजी करत होता, त्याचं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: "मी लहान असताना एकदा अंगण न झाडता खेळायला लागलो, तर लुआंग फोंनी मला खराटा फेकून मारला. म्हणाले, आधी साफ कर, मग माग. इतकी वर्षं आपण काय करतोय? ठिपके शेवटच्या महिन्यात मिळाले. झाडायला ते जन्मभर सांगत होते. या माणसाने आपल्यासाठी साफ केलं. प्रसितने मात्र लपवलं. लुआंग फो असते तर आज खराटा प्रसितला बसला असता."

कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळा हॉल हसला, प्रसितसुद्धा. अननने सामानातला खराटा उचलला आणि त्या मऊ गालिच्याच्या हॉलमध्ये झाडायला लागला. एकेक करून सगळे उठले. कोचनेही खराटा घेतला. हॉटेलचे दोन वेटर दाराशी तोंड उघडून बघत होते. झाडून झाल्यावर अनन बाबाजीसमोर येऊन उभा राहिला आणि बोटाने खूण केली: पुन्हा. परत एकदा म्हण.

बाबाजीने परत म्हटलं. या वेळी सगळी टीम ओरडली, "व्हाय म्हालाचा!" त्यांच्या जिभेला र आणि ज काही वळले नाहीत, पण हॉलच्या काचा हलल्या.

संध्याकाळी स्टेडियमच्या एका कोपऱ्यात थासाईची माणसं. दुबईतले थाई स्वयंपाकी, मसाजवाल्या बायका, हॉटेलात राबणाऱ्या पोरी, हातात पुठ्ठ्याच्या खुर्च्या, कारण खऱ्या आत सोडत नाहीत. त्यांच्या शेजारी जबल अलीच्या कॅम्पातून कंपनीच्या बसने आलेले बाबाजीचे गाववाले. रुपालीवहिनींना तिकिटाचाच राग. "साठ दिरहम! म्हणजे चौदाशे रुपये, एका खुर्चीचे!" पर्णिका म्हणाली, "आई, इट्स द फायनल! जस्ट सिट!"

आणि सुरुवातीलाच यजमानांनी गोल केला. अख्खं स्टेडियम उसळलं, हा कोपरा सोडून. बाबाजीने चेहरा ओंजळीत झाकला. "माझ्यामुळे," तो पुटपुटला. "माझ्यामुळे झालं."

"तुम्ही काय गोलकीपर आहात?" वहिनी खेकसल्या. "वर बघा! पोरं धावतायत अजून!"

पोरं धावत होती. समोरचे उंच, तगडे, देशोदेशींचे विकत आणलेले. हे बुटके, पण चेंडू पायाला चिकटल्यासारखा, एकाने सोडला की दुसरा तयार. उत्तरार्धात कॉर्नर मिळाला, गोलपोस्टपुढे एकच झुंबड उडाली, कोणाचा गुडघा, कोणाचं डोकं, आणि चेंडू जाळ्यात! पुठ्ठ्याच्या खुर्च्या हवेत नाचल्या. बाबाजीचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा पुढची वीस मिनिटं टांगणीला होता. यजमानांनी चेंडू दोनदा गोलपोस्टच्या खांबावर मारला. गोलकीपरने एक चेंडू असा अडवला की गाववाल्या विलासने शेजारच्या अनोळखी थाई काकूंना मिठी मारली, आणि काकूंनीही त्याला सोडलं नाही.

शेवटाला पाच-सहा मिनिटं उरली होती. अननने मधूनच चेंडू हिसकावला आणि पळत सुटला. एक चुकवला, दुसरा चुकवला. सगळ्यांना वाटलं हा आता मारणार, तर त्याने बाजूला ढकलला, आणि मागून आलेल्या बारक्या पोराने डाव्या पायाने असा सणसणीत हाणला की जाळं फाटतं की काय!

गोल! अहो गोल! बाबाजी नाचतोय, इद्रीस नाचतोय. आणि पंच कानाला हात लावून उभा. टीव्हीवर तपासतायत, पोरगा ऑफसाइड होता का. स्टेडियम चिडीचूप. ऑफसाइड म्हणजे काय हे बाबाजीला आजतागायत उमगलेलं नाही, पण त्याने पंचाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला मीसुद्धा गोल देऊन टाकला असता. पंचाने मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल पक्का! तो आवाज मी टीव्हीवर ऐकला, आणि सांगतो, एवढ्याशा कोपऱ्यातून तसला आवाज निघू शकतो यावर माझा विश्वास बसला नाही.

मग शिट्टी वाजली. थासाई, आशियाचा विजेता! मठाच्या अंगणातला, बर्फाच्या ट्रकातला, प्लास्टिकच्या खुर्च्यांचा थासाई! पोरं जमिनीवर पडून रडत होती, यजमानांचे खेळाडू येऊन त्यांना उचलत होते. अननने कप घेतला आणि पहिल्यांदा प्रसितच्या हातात दिला. प्रसित तो छातीशी धरून धापा टाकत थेट कोपऱ्यासमोर आला, मागून सगळी टीम. बाबाजी कठड्याशी होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आता हा गाऱ्हाणं घालणार म्हणून. बाबाजीने तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

तेव्हा प्रसितने कप डोक्यावर उचलला आणि स्वतःच सुरू केलं. थाईत, पण चाल तीच, तोच खडा सूर, वाक्याच्या शेवटी तीच उचल. बाबाजीला शब्द कळले नाहीत, फक्त नावं कळली. लुआंग फो. "व्हाय म्हालाचा!" थासाई. "व्हाय म्हालाचा!" अननच्या बापाचं नाव, कारखान्याच्या मालकीणबाईंचं नाव. आणि मग प्रसितने त्याच्याकडे हात केला, आणि पुढच्या वाक्यात स्वच्छ ऐकू आलं, बाबाजी.

दादा देवळात दरवर्षी म्हणतो, परमुलखात जो कोण आसात त्येका सांभाळ म्हाराजा. त्यात बाबाजी येतो, नाही असं नाही. पण त्याचं नाव घेऊन, एकट्या त्याच्यासाठी, कोणी देवाकडे काही मागितलं नव्हतं. रुपालीवहिनी ओरडल्या, इद्रीस ओरडला, गाववाले ओरडले, पर्णिका घसा फाटेपर्यंत ओरडली, "व्हय म्हाराजा!" बाबाजी तेवढा गप्प होता. रीतच आहे तशी. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं चाललंय, त्याने काही बोलायचं नसतं. तो हात जोडून उभा होता.